कल्पित पात्रे अमर होतात तेव्हा : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम काय सांगतात?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या या खेळात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. ‘डंजन मास्टर’ प्रसंग उभे करतो आणि धाडसाचा निकाल फाशांवर लागतो. साहसांतून अनुभवगुण मिळतात, अनुभवगुणांतून पात्राची पातळी वाढते. मात्र वर्षानुवर्षे सांभाळलेले पात्र शिखरावर पोहोचले की पुढे काय, हा प्रश्न उरतोच. अमरत्व हे त्याचे एक उत्तर. या उत्तराभोवती नियमांचे अनेक प्रश्न निर्माण होतात. त्यांपैकी प्रमुख प्रश्नांचा हा परामर्श.

अमरत्वाचे नियम कुठे सापडतात?

या विषयाची सर्वांत तपशीलवार मांडणी फ्रँक मेंट्झर यांच्या पाच संचांत आढळते. १९८३ साली ‘बेसिक’पासून सुरू झालेली ही मालिका ‘एक्स्पर्ट’, ‘कम्पॅनियन’ आणि ‘मास्टर’ या संचांतून पुढे सरकत १९८६ मधील ‘इमॉर्टल्स’ संचाशी येऊन थांबली. मर्त्य पात्राची कमाल पातळी ३६. त्यापलीकडचा प्रवास अमरांचा. अ‍ॅरन ऑलस्टन यांनी १९९१ च्या ‘रुल्स सायक्लोपीडिया’त अमरत्वाकडे नेणारे मार्ग पुन्हा मांडले आणि १९९२ च्या ‘रॅथ ऑफ द इमॉर्टल्स’मध्ये अमरांच्या नियमांची फेररचना केली.

केवळ पातळी वाढवून अमर होता येते का?

नाही. आधीपासून अमर असलेल्या एखाद्याने इच्छुकाचे प्रायोजकत्व स्वीकारावे लागते. त्यानंतर चारपैकी एक मार्ग पार करावा लागतो आणि प्रत्येक मार्ग विश्वाच्या एका तत्त्वाशी जोडलेला आहे. ‘पॉलिमॅथ’ हा द्रव्याचा, ‘पॅरागॉन’ हा ऊर्जेचा, ‘डायनॅस्ट’ हा कालाचा, तर ‘एपिक हीरो’ हा विचाराचा मार्ग होय. पॅरागॉनला जादूविद्येत आपल्या प्रदेशातील सर्वांवर मात करावी लागते. डायनॅस्टला राज्य स्थापून, कालप्रवास करून आपला वंश टिकवावा लागतो. एपिक हीरोला अजोड पराक्रम गाजवून आपला वारसदार घडवावा लागतो. पॉलिमॅथची परीक्षा सर्वांत कठोर आहे. त्याला मिळवलेले सारे सोडून, पूर्वस्मृती गमावून, वेगवेगळ्या पेशांत पहिल्या पातळीपासून नवे आयुष्य जगावे लागते. पाचवे तत्त्व एन्ट्रॉपीचे, म्हणजे क्षयाचे. त्याचे अमर विनाशाच्या बाजूचे असल्याने तो मार्ग खेळाडूंसाठी दिलेला नाही.

अमर झालेले पात्र सर्वशक्तिमान होते का?

नियमांचा रोख नेमका उलट आहे. मर्त्यांत सर्वश्रेष्ठ ठरलेले पात्र अमरांत ‘इनिशिएट’ या तळाच्या श्रेणीवर दाखल होते. ‘टेम्पोरल’, ‘सेलेस्टियल’, ‘एम्पायरियल’, ‘इटर्नल’ असे टप्पे ओलांडत ‘हायरार्क’ हे सर्वोच्च पद गाठायचे असते. १९८६ च्या नियमांनुसार दर १०,००० अनुभवगुणांचा एक शक्तिगुण होतो. म्हणजे ३५ लाख अनुभवगुण कमावलेल्या पात्राच्या हाती ३५० शक्तिगुण येतात. दैवी जादू करायची तर हेच भांडवल खर्च होते. काही खर्च कालांतराने भरून निघतो. क्षमता कायमस्वरूपी वाढवण्यासाठी घातलेले गुण मात्र परत मिळत नाहीत.

अमर पात्र मरू शकते का?

वार्धक्य व रोग त्याला स्पर्श करत नाहीत. तरीही दुसरा अमर त्याचा नाश करू शकतो. अमर म्हणजे अवध्य नव्हे, हा भेद ध्यानात ठेवला की बरेच वाद मिटतात. याच संचात खेळ ‘जिंकण्या’ची एक वाटही सांगितली आहे. सर्वोच्च पद गाठायचे, ते स्वेच्छेने त्यागून पुन्हा मर्त्य म्हणून प्रारंभ करायचा आणि तो सारा प्रवास दुसऱ्यांदा पूर्ण करायचा.

इतर आवृत्त्यांत काय तरतूद आहे?

तिसऱ्या आवृत्तीच्या २००२ मधील ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात देवत्वाला शून्यापासून पुढे क्रमांक दिले आहेत. त्यांपैकी १ ते ५ हे क्रमांक उपदेवांचे, तर १६ ते २० हे श्रेष्ठ देवांचे. २००८ मधील चौथ्या आवृत्तीत २१ व्या पातळीला पात्राची ‘एपिक डेस्टिनी’ निवडली जाते. ‘डेमिगॉड’ हा त्यांतील एक पर्याय असून ३० व्या पातळीनंतर नियतीची अंतिम मोहीम पूर्ण झाली की पात्राची कथा संपते. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधील डंजन मास्टरच्या ग्रंथात अमरत्वाचे वरदान आहे, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे. पात्राचे वय वाढत नाही आणि वार्धक्याने मृत्यू येत नाही, इतकेच. तलवारीचा घाव त्याला पूर्वीइतकाच घातक असतो.

सोबत्यांचे काय?

नियमपुस्तकात न सुटणारा प्रश्न हाच. एकाचे पात्र अमर झाले आणि बाकीची मर्त्यच राहिली, तर एकत्र साहस करणे अवघड होते. मर्त्यांच्या व्यवहारात अमरांनी उघड हस्तक्षेप करू नये, असा या खेळातला संकेत आहे. त्यामुळे ज्या मित्रांच्या बळावर पात्र इथवर आले, त्यांच्या संकटात धावून जाण्याची मुभाच ते गमावून बसते. यावर तीन मार्ग संभवतात : सर्वांनी मिळून अमरत्वाच्या मोहिमा हाती घेणे, अमर पात्र डंजन मास्टरच्या स्वाधीन करून खेळाडूने नवे पात्र घेणे किंवा अमरत्वाच्या क्षणीच कथेची सांगता करणे. यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा, हे पहिली परीक्षा सुरू होण्यापूर्वीच सर्वांनी ठरवावे. अनेक वर्षे जपलेल्या पात्राचा निरोप घ्यायचा असेल, तर तो वादातून नव्हे, संमतीने घेतलेला बरा.