मुकी पेशी आणि मेलेली पेशी

पक्षाघाताच्या तपासणीचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी सीटी स्कॅन, मग एमआरआय, मग त्याहून वेगवान एमआरआय. माझ्या मते तो एका प्रश्नाचा इतिहास आहे. रक्तपुरवठा तुटलेली पेशी जिवंत आहे का, हा तो प्रश्न. १९७७ मध्ये आस्ट्रुप, सायमन, ब्रॅन्स्टन आणि लासेन यांनी बबून माकडांच्या मेंदूचा रक्तपुरवठा कमी करत नेला आणि पेशींचे विद्युत संदेश व पेशींबाहेरचे पोटॅशियम इलेक्ट्रोडने मोजले. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते १५ च्या आसपास उतरले की संदेश बंद पडत. पोटॅशियम मात्र पेशीतच राही. ते बाहेर सांडू लागे रक्त ६ मिलिलिटरवर आल्यावर. या दोन आकड्यांच्या मधली पेशी मुकी असते, मेलेली नसते. रक्तवाहिनी अडवणारी गुठळी विरघळवण्याची किंवा ओढून काढण्याची सगळी धडपड तिच्यासाठी चालते.

ही पेशी माणसाच्या डोक्यात पाहायची कशी? पेट स्कॅन ते करू शके, पण त्याला लागणारा किरणोत्सर्गी ऑक्सिजन-१५ दोन मिनिटांत निम्मा होतो. म्हणजे तो बनवणारा सायक्लोट्रॉन दाराशीच हवा. १९९० मध्ये मोझली यांच्या गटाने मांजरांवर दाखवले, की पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या डिफ्युजन एमआरआयवर इजा तासाभराच्या आत उमटते. मग सोय झाली: डिफ्युजनवरचा डाग मेलेला धरायचा, भोवतालचा कमी रक्ताचा भाग वाचवण्याजोगा. ही सोय उपयोगी ठरली, पण तिने मूळ प्रश्नाला बगल दिली. पाणी अडखळणे म्हणजे मरण नव्हे. २००० मध्ये गुठळी विरघळवल्यावर काही रुग्णांचे डाग आक्रसलेले दिसले. रक्त कमी असलेला सगळाच भागही धोक्यात नसतो. म्हणून चयापचय पाहणारा एमआरआय मला मूळ प्रश्नाकडे परतणे वाटते. ऑक्सिजन संपला की पेशीत लॅक्टेट साचते आणि आम्लता वाढते. आम्लता वाढली की प्रथिनांतल्या अमाइड गटांचे प्रोटॉन पाण्याशी सावकाश अदलाबदल करतात. २००३ मध्ये झोऊ आणि व्हॅन झेइल यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत नेमका हा मंदावलेला व्यवहार टिपला. ना सुई, ना किरणोत्सर्ग.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. २००६ च्या एका अंदाजानुसार मोठ्या पक्षाघातात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. मग जादा चित्रे काढत बसायचे का? लवकर आलेल्या, चित्र स्पष्ट असलेल्या रुग्णाला मुळीच थांबवू नये. पण गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी १९९५ मध्ये तीन तासांची मर्यादा होती; त्याच्या बऱ्याच पलीकडे उपचाराचे दार उघडले ते प्रतिमांनी: २०१८ च्या डॉन चाचणीत निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंत गुठळी काढण्याचा फायदा झाला. पुढे २०२२ च्या जपानी चाचणीत मोठा डाग असलेल्यांनाही फायदा दिसला. त्यावरून कोणी म्हणेल, आता प्रतिमा हवीच कशाला? मी उलटे म्हणेन: डाग म्हणजे मरण हे समीकरणच कच्चे होते. त्या चाचणीत गुठळी काढलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव अधिक झाला, आणि उपचार होऊनही बरेच जण परावलंबी राहिले. उशिरा आलेल्या, मोठा डाग घेऊन आलेल्या अशा रुग्णाच्या नातेवाइकांना होकार किंवा नकार द्यायचा असतो, तेव्हा डागाच्या आकारापेक्षा आतली आम्लता कळणे मोलाचे आहे, आणि आम्लता टिपणाऱ्या एमआरआयची कसोटी आधी त्याच रुग्णांवर लागायला हवी.