रेडिओवाल्यांची वस्ती

टोकियोतले अकिहाबारा म्हटले की हल्लीच्या मुलांना ॲनिमे, मांगा आणि व्हिडिओ गेम आठवतात. या गोष्टींच्या नादी लागलेल्यांना जपानीत 'ओताकू' म्हणतात. पण या वस्तीचे मूळ रेडिओत आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तयार रेडिओ महाग आणि दुर्मिळ होते. जवळच्या विद्युत शाळेतले विद्यार्थी सुटे भाग आणून रेडिओ जोडत आणि विकत. गिऱ्हाईक दिसल्यावर व्हॉल्व्ह विकणारे रस्त्यावरच बसू लागले. १९४९ साली त्यांना उठवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी रेल्वेच्या पुलाखाली दुकाने थाटली. पुढे टीव्ही आले, १९८० च्या दशकात संगणक आले. ॲनिमेवाले आले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस.

आपल्याकडे असा बाजार म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे, पण सुटे भाग शोधणाऱ्यांच्या तोंडी जुनेच आहे.

नागपूरला आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळी रेडिओ बाळगायला परवाना लागे. एवढ्या मोलाची वस्तू बिघडली तर दुरुस्तच होई, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी बसून पोरे शिकत. अकिहाबारा उभे राहिले ते अशाच शिकाऊ हातांवर. आजचा मोबाईल मात्र उघडायचीच सोय नाही. मग पोरांनी शिकावे कुठे?

नातवंडांनो, घरातला एखादा बंद रेडिओ उघडून बघा. आधी प्लग काढा, पण तेवढ्याने भागत नाही: जुन्या रेडिओच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक वीज साठलेली असू शकते, म्हणून जाणत्या माणसाला सोबत घेऊनच उघडा!