बंब : एक शब्द आणि एक भांडे

मराठीतील पोर्तुगीज शब्दांचा विचार निघाला की 'पगार', 'चावी', 'बटाटा' हे शब्द प्रथम पुढे येतात. त्याच शब्दसंग्रहात पाण्याशी व भांड्यांशी निगडित असा एक लहानसा गट आहे : 'बाल्दे'पासून बादली, 'पीपा'पासून पिंप, 'गामेला'पासून घमेले आणि 'बोंबा'पासून बंब. पहिल्या तीन शब्दांचा अर्थ भाषा बदलताना फारसा ढळला नाही. बंबाचा मात्र ढळला. 'बोंबा' म्हणजे पाणी उपसण्याचे वा फेकण्याचे यंत्र. 'आगीचा बंब' या प्रयोगात तो अर्थ अद्याप टिकून आहे. न्हाणीघरातील बंब पाणी फेकत नाही, तापवितो. आग विझविणाऱ्या यंत्राचे नाव पोटात आग बाळगणाऱ्या भांड्यास कसे मिळाले?

आमचा तर्क असा की, हा अर्थसंक्रम आकारसादृश्यामुळे घडला असावा. वाफेवर चालणारा पहिला आगीचा बंब लंडनमध्ये १८२९ साली तयार झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे बंब रूढ झाले, त्यांत एक उभे, गोल बाष्पपात्र, खाली भट्टी व वर धुराडे अशी रचना असे. घरगुती तांब्याचा बंब पाहिलेल्यास हे वर्णन परके वाटणार नाही. मध्यभागी जाळाची नळी, तिच्या तळाशी निखाऱ्यांची जाळी, आणि नळीभोवती पाणी. हा तर्कच आहे, सिद्धांत नव्हे. त्याच जातीच्या भांड्यास उत्तरेत 'हमाम' म्हणतात, हे मात्र लक्षणीय आहे. तेथे वास्तूचे नाव भांड्यावर उतरले, येथे यंत्राचे. उदगीर तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, आणि बिदरच्या किल्ल्यातील शाही हमाम प्रसिद्ध आहे. तरीही आमच्या घरांत शब्द रुजला तो पश्चिम किनाऱ्यावरून आलेला.

आता भांड्याकडे वळू. पाणी तापले की फुगते. पंचवीस अंशांचे वीस लिटर पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापविले, तर त्याचे आकारमान सुमारे अर्ध्या लिटरने वाढते. हे अर्धा लिटर पाणी जावे कोठे, हा पाणी तापविण्याच्या प्रत्येक साधनापुढील मूळ प्रश्न होय. बंबाने तो न सोडविताच सोडविला, कारण त्याचे तोंड उघडे होते. काही बंबांत नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी जाई आणि तितकेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडे. तापताना वाढलेले पाणीही त्याच तोटीतून ठिबके. आम्ही लहानपणी त्या ठिबकण्यावरून पाणी तापल्याचा अंदाज करीत असू. १९२३ च्या भारतीय बाष्पपात्र कायद्यात 'बॉयलर' म्हणजे दाबाखाली वाफ निर्माण करण्यासाठी वापरलेले बंद पात्र अशी व्याख्या होती. बंब त्या व्याख्येत बसणे शक्यच नव्हते.

जलवाहिनीस ठिकठिकाणी असे उघडे तोंड ठेवण्याची युक्ती मराठवाड्यास नवी नव्हती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे आणलेल्या नहरीवर जे मनोरे आहेत, त्यांतून नळात कोंडलेली हवा सुटत असे. तेथे उष्णतेचा प्रश्न नव्हता, दाबाचा होता; परंतु कोंडलेल्यास वाट देण्याचा विचार एकच.

थंड देशांतील घरे तापविणाऱ्या यंत्रणेत हे साधेपण चालत नाही. तेथे तेच पाणी नळांतून हिवाळाभर फिरत राहते. म्हणून वाढीव पाण्यासाठी एक निराळी टाकी ठेवतात. पूर्वी ती माळ्यावर, उघडी असे. पुढे बंद टाक्या आल्या, ज्यांच्या एका भागात हवा कोंडलेली असते व फुगणारे पाणी त्या हवेला दाबते. जुन्या बंद टाक्यांत ही हवा हळूहळू पाण्यात विरघळून जाई. टाकी पाण्याने पूर्ण भरली की दाबाला जागा उरत नसे आणि सुरक्षा-झडपेतून पाणी गळू लागे. मग यंत्रणा थंड करून टाकीकडे येणारे पाणी बंद करावयाचे, तळाचा नळ उघडून ती रिती करावयाची आणि आत पुन्हा हवा येऊ द्यावयाची, ही गृहस्थाची नेमाने येणारी कामगिरी. त्या टाकीचे रहस्य पाण्यात नसून हवेत आहे.

बंबास हवेची चिंता नव्हती. चिंता होती ती गाळाची. बालाघाटच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी जड. ते तापले की क्षार तळाशी व जाळाच्या नळीवर बसतात. पुटे जाड झाली की जळण अधिक लागते. म्हणून आमच्याकडे आजी बंब थंड झाल्यावर अंगणात पालथा घालावयास लावीत, आणि चिंचेच्या कोळाने, राखेने तो घासला जाई. दुसरा दंडक याहून कडक : रिकाम्या बंबाखाली विस्तव घालावयाचा नाही, नाही तर सांधे सुटतात. या कामांसाठी घरात स्वतंत्र क्रियापदे होती. बंब 'पेटविणे', 'भरणे', 'उपसणे', 'पालथा घालणे', 'झाडणे'. शेवटचे राखेसाठी, आणि ते बहुधा मुलांकडे असे.

त्याच्या जागी आलेला विजेचा गीझर बहुधा बंद पात्राचा असतो. तापलेल्या पाण्याचा दाब आता सुरक्षा-झडप सांभाळते, आणि क्षारांची पुटे पूर्वीप्रमाणेच साचतात, पण दिसत नाहीत. उदगीरच्या आमच्या घरातील गीझर सात वर्षे कोणी उघडला नाही. झडपेतून पाणी गळू लागल्यावर कारागीर आला. त्याने वीज व पाणी बंद करून तळाची जोडणी सोडविली, तेव्हा अर्धे घमेले भरेल इतका पांढरा भुगा निघाला. झडपेचे छिद्रही क्षारांनी बुजत आले होते. हे काम वर्षाआड करावयाचे असते, असे तो म्हणाला. त्यास आमच्या घरी शब्द विचारला, तर एकच मिळाला : 'सर्व्हिसिंग'. त्याला मराठी क्रियापद जोडावे लागते, आणि आमच्या घरात ते 'करवून घेणे' असे प्रयोजकच येते. बंबाच्या कोणत्याही क्रियापदाला तसे रूप रोजच्या बोलण्यात लागल्याचे आम्हास आठवत नाही. अपवाद एकच, आजींचे 'पालथा घालावयास लावणे', आणि तेथेही काम करणारे घरातलेच होते.