असईच्या लढाईनंतर घोडे गेले कुठे?

आसामच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात मोकाट घोड्यांचे कळप फिरतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तळांवरून सुटलेल्या घोड्यांचे हे वंशज, असं सांगतात.

मग आपल्या जालन्यात असे कळप का नाहीत? २३ सप्टेंबर १८०३ ला इथेच, असई गावापाशी, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचे हजारो स्वार वेलस्लीसमोर उभे होते. खुद्द वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला.

उत्तर सरळ पैशाचं आहे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. घोडा मेला की शिलेदारी गेली, मग सरकारी घोड्यावरचा बारगीर व्हा! अशा काळात स्वार पडला तरी घोडा मोकळा कसा राहील? ज्याच्या हाती लगाम, त्याची ती लूट. पुढे जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी आली, तिच्या रिसाल्यातही शिलेदारीच.

अर्थात तो घोडा माणसाळलेला होता. रानात जन्मलेल्याचा पाठलाग केला, तर तो ऊर फुटेस्तोवर पळतो, शिंगरू मागे पडतं. म्हणून चारापाण्याभोवती कुंपण घालून दार बरेच दिवस उघडंच ठेवतात. कळप बिनधास्त आत-बाहेर करू लागला, की मग दार लावायचं. घोडी आणि शिंगरू वेगळे करायचे नाहीत.

पण धरल्यावर पुढे काय? घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. शिलेदार त्याला पोसायचा, कारण त्याचं पोटच घोड्यावर होतं. आज ते कुणाचं आहे? वरातवाल्यांचं, आणि तिकडे माथेरानच्या घोडेवाल्यांचं.