नाताळच्या करंज्या

नाताळ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की तो पोर्तुगीज आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. साबण, चावी, बटाटा, पाव, पगार ही मंडळी ज्या गलबतांतून उतरली त्यांतूनच तोही आला. (यातला पगार मात्र दर महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास पुन्हा गलबतात चढून बसतो.) 1497 सालच्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने चालला होता, म्हणून त्याने समोरच्या मुलुखाचं नावच नाताळ ठेवून दिलं. पुढे गांधीजी वकिलीसाठी गेले ते तिथेच. पण आपल्याला आफ्रिकेपर्यंत जायचं नाही. अंधेरीला जायचं आहे.

तेही त्या काळी लांबच होतं म्हणा! 1968 साली आम्ही गिरगावातून अंधेरीला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा नातेवाइकांनी आम्ही बोटीवर चढत असल्यासारखा निरोप दिला. आंबोली गावठाणाच्या कडेला आमची सोसायटी होती. चार वर्षांपूर्वी तिथे भात पिकत होता आणि बेडकांनी जागेचा ताबा अजून पुरता सोडला नव्हता. गावठाणातल्या बायका लुगडं नेसत, मासळीवरून आमच्या कोळणीशी आमच्याहून चांगल्या मराठीत भांडत, आणि रविवारी चर्चला जात. नाक्यानाक्यावर क्रूस, आणि त्या क्रुसांना आपल्या झेंडूचे हार. ही माणसं स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवत. माझे वडील पोस्टात होते, त्यामुळे पत्त्याच्या बाबतीत फार काटेकोर. अंधेरी वेस्टला राहायचं आणि ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायचं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

त्याचा खुलासा इतिहासात आहे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना देऊन टाकला आणि साष्टीतले कुणबी, आगरी, कोळी, भंडारी हळूहळू ख्रिस्ती झाले. नावं बदलली, शेत, बोली आणि बोंबील तेच राहिले. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पुढे 1774 साली इंग्रजांनी साष्टी घेतली. राज्यं बदलत गेली, हे आपले भात लावत राहिले. मग मुंबईत नोकऱ्या निघाल्या आणि गोव्या-मंगळूरकडून ख्रिस्ती मंडळी येऊ लागली. त्यांची आडनावंही तीच, डिसोझा आणि परेरा. साहेबाला फरक कळेना. तेव्हा 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाल्याचा मुहूर्त साधून, इथल्यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी जुनी ओळख सांगत हे नाव घेतलं. ‘आम्ही बाहेरून आलेले नाही, इथलेच,’ एवढंच त्यांना सांगायचं होतं. साहेबाला ते कळलं असावं. आमच्या सोसायटीला कळलं नाही. पहिल्याच नाताळात गावठाणात रात्री बँड वाजला, तेव्हा आमच्याकडे तातडीची मीटिंग भरली आणि तीत ‘या बाहेरच्या लोकांचा उपद्रव’ असा विषय निघाला. ज्यांच्या शेतात खुर्च्या मांडून ही मीटिंग चालली होती, त्यांच्याबद्दल!

खरं तर या भागातला नाताळ सोसायट्यांपेक्षा तीनशे-चारशे वर्षांनी वडील. मरोळला सेंट जॉन बाप्टिस्टचं चर्च झालं ते 1579 साली. त्याच साली टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री गोव्याला उतरला, मराठी शिकला, आणि येशूच्या जन्माची कथा त्याने चक्क ओवीबद्ध केली. ते ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. तिकडे शेक्सपियर वारला त्याच वर्षी. आपला पहिला दिवाळी अंक निघाला 1909 साली, म्हणजे सणानिमित्त मराठी वाचायला देण्यातही नाताळच पुढे! मरोळचं ते चर्च 1840 साली साथीमुळे सोडावं लागलं. 1973 साली सरकारने तिथे ‘सीप्झ’ वसवलं, आणि आता ते भग्न चर्च कारखान्यांच्या कुंपणाच्या आत आहे. आत जायला पास लागतो.

आमच्या घरात नाताळ शिरला तो मात्र बिनपासाचा, ताटावरच्या क्रोशाच्या रुमालाखालून. मीटिंगनंतर दोनच दिवसांनी कोपऱ्यावरच्या घरातली मावशी ते ताट घेऊन दारात उभी राहिली. आजीने रुमाल उचलला आणि पंचनामा सुरू केला. केक? त्यात अंडं, तो मुलांना. छोटे वळ्यावळ्यांचे शंख? ते कलकल, मावशीने सांगितलं. पिठाची गोळी कंगव्यावर दाबून गुंडाळायची आणि तळायची. कंगवा म्हणताच आजीने हात मागे घेतला. ‘नवा कंगवा हाय, आजी, खास ठेवलेला,’ मावशी घाईने म्हणाली. मग आजीचा हात एका ओळखीच्या आकारावर स्थिरावला.

‘ही तर करंजी!’

‘नेवरी,’ मावशी म्हणाली.

‘सारण कसलं?’

‘नारळ, रवा, साखर, वेलची.’

‘मग करंजीच,’ असा निकाल देऊन आजीने ती तोंडात टाकली. ‘फक्त मुरड घालायला शीक हो, कातण्याने कापलेली दिसत्ये.’ तिसरी नेवरी खाता खाता तिने मावशीला मुरड शिकवली. बँडचा विषय आमच्या घरापुरता तिथेच मिटला. ताट रिकामं द्यायचं नसतं, म्हणून आईने साखर घालून परत केलं. संक्रांतीला तिळगूळ गेला, दिवाळीला फराळ. एकतीस डिसेंबरच्या ‘ओल्ड मॅन’साठी गावठाणातली पोरं जुने कपडे मागायला आली तेव्हा वडिलांनी पोस्टातला जुना कोट काढून दिला. मध्यरात्री तो पेंढ्याच्या म्हाताऱ्याच्या अंगात जळताना बघायला आम्ही सगळे खाली उतरलो होतो. वडील बराच वेळ बघत होते. ‘चांगला कोट होता,’ एवढंच म्हणाले.

मावशी कधीच गेली. तिच्या मुलांनी घर विकलं आणि वसईला फ्लॅट घेतला. तिथे आता बारा मजली इमारत आहे. त्या इमारतीच्या लोकांनी परवा एक अर्ज फिरवला. कोपऱ्यावरचा क्रूस गाड्यांना अडतो, तो हलवावा. मी सही केली नाही. अर्ज आणणारा तरुण सभ्य होता. ‘काका, तुम्ही इथले जुने रहिवासी ना?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘नाही हो, आम्ही गिरगावचे.’

मावशीचं शेवटचं ताट अजून आमच्याकडेच आहे, काठावर तिचं नाव कोरलेलं. यंदा ते घेऊन वसईला जायचं ठरलंय. रिकामं कसं न्यायचं, म्हणून सौभाग्यवतींनी सारण करून ठेवलं आहे.