खर्र : गिअरच्या आवाजाची कुळकथा

गिअर टाकताना खर्र झालं की गॅरेजात पहिलं निदान ठरलेलं असतं: दात गेले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते बरोबर ठरलं असतं. आजच्या गाडीत, त्यातही तापवून पळवल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये, ते बहुतेक वेळा चुकतं आणि त्यापायी चांगला गिअरबॉक्स विनाकारण खाली उतरतो. हा आवाज ओळखायचा तर यंत्राचं कुळ ठाऊक हवं, असं माझं म्हणणं आहे. बॉक्स न उघडता करता येणाऱ्या दोन सर्वांत भरवशाच्या चाचण्या त्याच्या मागच्या पिढ्यांकडूनच आलेल्या आहेत.

मूळपुरुष फ्रेंच अभियंता एमिल लव्हासोर. 1890 च्या दशकात त्याने सरकत्या चाकांचा गिअरबॉक्स मोटारीत रुजवला. वेगवेगळ्या वेगाने फिरणारी दोन दातेरी चाकं, आणि त्यातलं एक दांड्याने दुसऱ्यात ढकलायचं. 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत तो जवळजवळ 49 तास गाडी हाकत होता. त्यात किती वेळा खर्र झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तेव्हा खरोखर दातांवर दात आपटत. चालकांनी त्यावर युक्ती काढली: क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून ॲक्सिलरेटरने इंजिनाचा वेग जुळवायचा आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. हाच डबल क्लच. पुढच्या पिढीत चाकं कायमची एकमेकांत अडकलेली राहिली आणि त्यांना शाफ्टशी जोडायचं काम एका सरकत्या कड्याकडे, म्हणजे स्लीव्हकडे, आलं. आवाज तोच राहिला, पण त्याची जागा बदलली: आता वाजतात ते स्लीव्हचे आणि चाकाच्या बगलेवरचे बारीक दात. 1928 मध्ये कॅडिलॅकने अमेरिकी अभियंता अर्ल थॉम्पसनचा सिंक्रोमेश गाडीत बसवला. दात भिडण्याआधी शंकूच्या आकाराचे दोन पृष्ठभाग घासून वेग सारखा करतात. म्हणजे चालकाच्या पायाचं काम यंत्राने उचललं. आज बहुतेक गाड्यांत हे काम एक पातळ पितळी रिंग करते.

आपल्याकडे या पिढ्या एकामागून एक न येता शेजारी शेजारी नांदल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता, म्हणून टॅक्सीवाले गाडी पुरती थांबवून पहिला टाकत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पिशोरच्या शिवारात ऊस नि मका वाहणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांतही अशी रिंग नसते. थांबा, मग गिअर बदला, हाच तिथला रिवाज. आणि त्याच जिल्ह्यातल्या शेंद्र्याच्या कारखान्यात 2001 पासून स्कोडा ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली. पुढे आलेली तिची आरएस आवृत्ती टर्बो इंजिनाची आणि हाताने गिअर टाकायची होती. अशी गाडी कन्नडचा औट्रम घाट उतरताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येते, तेव्हा रिंगेवर काय गुदरतं ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा, पहिल्याचं गुणोत्तर 3.5 आणि दुसऱ्याचं 2. इंजिन 6000 फेऱ्यांवर असताना पहिल्यावरून दुसरा टाकला तर आतला शाफ्ट क्षणार्धात सुमारे 3430 वर आणावा लागतो. 2500 वर टाकला तर 1430 वर. घर्षणात जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून पहिल्या खेपेला रिंगेला पावणेसहापट काम पडतं. घाट उतरताना हेच उलट दिशेने घडतं, शाफ्टला वेग द्यावा लागतो. दात जिथल्या तिथे असतात, झिजते ती रिंग.

मग निदान कसं करायचं? आधी रिव्हर्स. अनेक गिअरबॉक्सांत त्याला अजूनही सिंक्रोमेश नाही. लव्हासोरची पद्धत तिथे तगून आहे. इंजिन चालू, गाडी थांबलेली, क्लच तळापर्यंत दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही खर्र झालं तर शाफ्ट थांबलेलाच नाही. दोष क्लचचा आहे: तार सैल, हायड्रॉलिकमध्ये हवा किंवा प्लेट चिकटलेली. अशा गाडीत सगळेच गिअर कमीअधिक वाजतात. रिव्हर्स मुकाट पडला आणि एकच गिअर, बहुधा दुसरा, वाजतो आहे, तर तो डबल क्लच मारून टाका. गुपचूप पडला की रिंग गेली म्हणून समजा, कारण तिचं काम तुमच्या पायाने केलं. वेग जुळवूनही खरखरला, तरच स्लीव्हचे दात किंवा स्लीव्ह सरकवणारा फोर्क यांच्याकडे वळायचं. गिअर पडून गेल्यावरही सुरू राहणारी घरघर ही बेअरिंगची तक्रार, ती इथे मिसळू नये.

यावर जाणता मिस्त्री म्हणेल की डबल क्लचने क्लचचाही दोष झाकला जातो. वेग जुळला की दोन्ही आजारांत गिअर पडणारच. आक्षेप बिनतोड आहे, आणि म्हणूनच रिव्हर्सची चाचणी आधी. क्रम उलटला तर दुसरी चाचणी खोटं बोलते. रिव्हर्सलाही सिंक्रोमेश असलेल्या गाड्यांत मात्र पहिली चाचणी दुबळी पडते, कारण रिंग क्लचची चूक सावरून घेते. तिथे इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहावेत; बंद असताना लोण्यासारखे आणि चालू असताना अडखळत पडत असतील तर संशय पुन्हा क्लचवरच येतो. दुसरा आक्षेप ऑइलचा: नुसतं ऑइल बदलून आवाज गेल्याची उदाहरणं आहेत, मग एवढा खटाटोप कशाला? ती खरी आहेत, पण ती रिंगेच्याच बाजूने साक्ष देतात. घट्ट ऑइल थंडीत शंकूंमधून लवकर हटत नाही, फार निसरडं असेल तर रिंग पकड घेत नाही. शिवाय मागच्या चाकांच्या डिफरन्शियलसाठीच्या जीएल-5 ऑइलमधली गंधकाची काही रसायनं पितळ खाऊ शकतात. त्यामुळे जीएल-4 च्या बॉक्समध्ये ‘पुढचा नंबर’ म्हणून जीएल-5 ओतणं ही सुधारणा नव्हे. पुस्तिकेत दिलेला दर्जा भरायचा आणि दोन्ही चाचण्या ऑइल बदलल्यानंतर पुन्हा करायच्या.