रोजगार हमीचे प्रारंभिक प्रयोग
गरजूंना नुसती मदत न देता काम पुरविण्याचे स्थानिक उपक्रम. पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील बारामती, इंदापूर परिसरात 1960 नंतरच्या दशकातील दुष्काळात ‘कासा’ या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या साहाय्याने मजुरीपोटी धान्य व खाद्यतेल देऊन पाझर तलाव बांधण्यात आले. पुढे 1971 मध्ये बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना झाली. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये विसापूर (जि. सांगली) येथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. बारामतीत भर स्वयंसेवी मदतीवर होता, तर विसापुरात शासकीय हमीवर. 1972 च्या दुष्काळानंतर हमीची योजना राज्यभर पसरली. तिच्यासाठी 1975 पासून व्यवसाय कर लागू झाला. 1977 चा रोजगार हमी अधिनियम 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला.